मार्चमध्ये मोटर पाणी सोडते तेव्हा

होळीच्या सुमारास विहीर उतरली की मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पाणी ओढेनासा होतो आणि गावात एकच सल्ला मिळतो: पाच हॉर्सपॉवरची काढा, साडेसातची बसवा. तो ऐकू नका. सक्शन पाइपात पाणी वर चढवतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीलाही तो फार तर 10.3 मीटर चढवेल. घर्षण आणि पाइपाच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हची अडचण धरली तर प्रत्यक्षात 6 ते 7 मीटरच. हॉर्सपॉवर वाढवून यात काही फरक पडत नाही. पाणी तेवढं खाली जाण्याआधीच पंप विहिरीतल्या खालच्या कट्ट्यावर उतरवा. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल तर उशीर झालाय. तसाच चालवला तर इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, खाऊन जातो. डिझेल इंजिन मात्र विहिरीत कधीच उतरवू नका, त्याचा धूर जीव घेतो.

नवा पंप घ्यायचाच असेल तर दुकानात जाण्याआधी हेड काढा, म्हणजे पंपाला एकूण किती मीटर उंचीएवढा जोर लावावा लागेल ते, तेही उन्हाळ्यातल्या पातळीवरून. पाणी 12 मीटर खोल, शेत विहिरीच्या काठापासून 8 मीटर उंच, फिल्टरसकट ठिबकला 2 किलो दाब म्हणजे 20 मीटर, पाइपातल्या घर्षणाचे 5. झाले 45 मीटर. पंपाच्या पाटीवर हेडची मर्यादा लिहिलेली असते. 45 त्या मर्यादेच्या साधारण मध्ये यावं, टोकाला नको. दुकानदार आधी हॉर्सपॉवर विचारतो. आपण हेड आणि तासाला किती लिटर पाणी हवं ते सांगावं.

रुंद विहिरीत बोअरची सबमर्सिबल सोडणार असाल तर मोटरीवर कूलिंग स्लीव्ह, म्हणजे पाणी मोटरीला घासून जायला लावणारी नळी, बसवा. बोअरमध्ये पाणी मोटरीला घासून वर जातं, विहिरीत तसं होत नाही आणि मोटर तापते. वॉटर-फिल्ड मोटर असेल तर सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरलंय ना, ते पाहा.

फूट व्हॉल्व्ह गाळापासून फूटभर वर ठेवा. जाळी साफ करा, सक्शनचे जोड तपासा. केसाएवढ्या फटीतूनही हवा शिरते. पंपाच्या शाफ्टभोवतीच्या ग्लँड दोरीतून थेंब थेंब पाणी गळू द्या. पूर्ण आवळलीत तर दोरी जळते आणि शाफ्ट झिजतो.

वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच काढून टाका. वीज येताच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, डीपी जळतो, आणि ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकते. एक फेज गेली तर मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर, पाणी संपलं तर बंद करणारं ड्राय रन संरक्षण आणि कपॅसिटर यांचा खर्च जळालेल्या मोटरीच्या एका रिवाइंडिंगपेक्षा सहसा कमीच पडतो.