रिसीव्हरमधून जुन्या कॅसेटी रेकॉर्ड कशा करायच्या आणि स्पीकरची लेव्हल कशी बसवायची

चवथीला आमच्या घरी घुमटाची (मडक्याला चामडं लावलेल्या वाद्याची) आरती असते, आणि ८९ सालच्या चवथीची आरती काकांनी टेपवर घेतलेली ती सी-९० कॅसेट अजून कपाटात आहे. त्यात वाजतंय ते घोरपडीच्या चामड्याचं घुमट. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं चामडं लावतात आणि ते बरोबरच आहे, पण तो जुना खोल खर्ज आता फक्त ह्या कॅसेटीतच उरलाय. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळ्या कॅसेटी लॅपटॉपवर घ्यायच्या असं ठरवलं. घरात जुना ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर चालवणारा अँप्लिफायर) आहे, त्याच्यातूनच केलं, आणि करताना जे कळलं ते इथे सगळं लिहितोय कारण बऱ्याच जणांकडे असाच सेट धूळ खात पडलेला असणार.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच आहे. रिसीव्हरच्या आत आवाजाला दोन रस्ते असतात. तुम्ही पुढच्या नॉबने जो इनपुट निवडता तिथून एक रस्ता सरळ मागच्या टेप आउट किंवा रेक आउटच्या लाल-पांढऱ्या सॉकेटला जातो. दुसरा रस्ता व्हॉल्यूम, बास-ट्रेबल, सराउंड, प्रत्येक चॅनलची लेव्हल ह्या सगळ्यातून फिरून स्पीकरला जातो. म्हणजे व्हॉल्यूम शून्य करून ठेवला तरी रेकॉर्डिंग पूर्ण येतं, आणि व्हॉल्यूम कितीही फिरवला तरी रेकॉर्डिंग मोठं-लहान होत नाही. मी पहिली अख्खी बाजू फाटक्या आवाजात रेकॉर्ड केली, आणि आवाज फाटतोय म्हणून व्हॉल्यूम कमी करत बसलो होतो, ज्याचा त्या रस्त्याशी काही संबंधच नाही. चूक दुसरीकडे होती, ती खाली सांगतो.

जोडणी अशी. कॅसेट डेकचा आउट (प्ले किंवा लाइन आउट लिहिलेलं असतं) रिसीव्हरच्या टेप इनला. रिसीव्हरचं दुसरं कुठलंही रेक आउट, आमच्याकडे एमडी/सीडी-आर नावाचं होतं, तिथून लॅपटॉपकडे. टेपच्याच आउटमधून घेऊ नका, कारण जो इनपुट निवडलाय त्याच्याच आउटला बहुतेक रिसीव्हर सिग्नल देत नाहीत, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी वाजेल. आता लॅपटॉपकडे म्हणजे कुठे? माझी चूक इथेच झाली, मी माइकच्या भोकात पिन घातली. माइकचा इनपुट अगदी बारीक सिग्नलसाठी असतो आणि रेक आउटचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा, मग फाटणारच. लाइन इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी) घ्या, त्याच्यावर लेव्हलचा नॉब असतो, आणि रेकॉर्डिंगची लेव्हल ठरवायची ती तिथेच. रिसीव्हरवर नाही.

कोणी विचारेल की डेक सरळ इंटरफेसला का नाही जोडायचा. एकच डेक असेल तर सरळच जोडा, रस्ता जेवढा छोटा तेवढं चांगलं. पण आमच्याकडे डेक, रेकॉर्ड प्लेअर, व्हीसीआर आणि रेडिओ चारही होते, सगळं रिसीव्हरला लावलेलं, मग नुसता नॉब फिरवला की जे हवं ते लॅपटॉपवर येतं आणि त्याच वेळी स्पीकरवर ऐकताही येतं. आमच्या रेकॉर्ड प्लेअरला तर रिसीव्हर लागतोच, म्हणजे त्याच्या मागे फोनो लिहिलेला इनपुट हवा, कारण तबकडीचा आवाज बास कमी आणि ट्रेबल जास्त करून कोरलेला असतो, तो सरळ करायचं काम फोनोचं सर्किट करतं. शेजारच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला प्लेअरची बारीक वायर बांधायला विसरू नका, नाहीतर सतत गुणगुण येते. रिसीव्हरच्या स्वतःच्या एफएमवरचा कार्यक्रमही ह्याच वाटेने घेता येतो.

एका गोष्टीने मात्र अर्धा दिवस खाल्ला. सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने लावलेला, स्पीकरवर आवाज मस्त आणि लॅपटॉपवर काहीच नाही. कारण साधं आहे, अॅनालॉग रेक आउटवर फक्त अॅनालॉग इनपुटच येतो. एचडीएमआय, ऑप्टिकल, कोअॅक्सिअल ह्यातून आलेला आवाज डिजिटल असतो, तो बहुतेक रिसीव्हरमध्ये स्पीकरच्याच रस्त्याने जातो. अशा यंत्रातून लाल-पांढरी वायर वेगळी ओढायची. व्हीसीआरच्या चित्राचंही तसंच, पिवळ्या सॉकेटमधून आत आलेलं चित्र पिवळ्यातूनच बाहेर जातं. नवीन रिसीव्हरांना रेक आउट बऱ्याचदा नसतंच, तेव्हा मागे झोन २ प्रीआउट (दुसऱ्या खोलीत आवाज न्यायचं सॉकेट) आहे का बघा, काही मॉडेलांत त्याचा व्हॉल्यूम फिक्स करता येतो आणि मग तेच रेक आउटसारखं वापरता येतं.

कॅसेटीकडे थोडं प्रेमाने बघा. आपल्याकडच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते, तशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, ती बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या कॅसेटीलाही. आधी हेड आणि तो रबराचा रोलर, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसा, काडी तपकिरी व्हायची थांबेपर्यंत. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करा म्हणजे चिकटलेली टेप सुटते. घरच्या रेकॉर्डिंगला डॉल्बी (टेपची सुरसुर कमी करायची सोय) लावलेलं नसेल तर डेकवरही बंद ठेवा, नाहीतर आवाज दबका येतो आणि कांसाळ्यांची (झांजांची) धारच जाते.

आता लेव्हल. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच वापरलं. कॅसेटीतला सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे तो आधी शोधा, आमच्या आरतीत तो शेवटाकडे आहे, जिथे लय चढते आणि घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवतात तो ढोल), कांसाळें सगळं एकदम येतं. तो तुकडा वाजवून इंटरफेसचा नॉब असा ठेवा की मीटर उणे ६ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या लेव्हलचं माप) आसपास टेकेल. घुमटाची थाप सुईसारखी क्षणात वर जाते, म्हणून शून्याला टेकवायचा मोह नको, शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो परत मिळत नाही. सेटिंग ठेवा ४४.१ किलोहर्ट्झ, जमलं तर २४ बिट, आणि फाइल वेव्ह. १६ बिटच्या वेव्हला तासाला साधारण ६०० एमबी लागतात, एमपी३ नंतर कधीही करता येते पण एमपी३ वरून मूळ परत येत नाही. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर गुंई असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, आमच्याकडे तेवढ्यानेच गेला.

रेकॉर्डिंग झालं, आता दुसरा रस्ता, स्पीकरचा. पूर्ण घर जमून ऐकणार तर नीट ऐकू यावं ना. इथे जे काही कराल त्याने रेकॉर्ड केलेल्या फाइलला काही होत नाही, बिनधास्त करा.

आधी सेटअपच्या मेनूमध्ये स्पीकर लहान की मोठे ते सांगा, पुस्तकाएवढे असतील तर स्मॉल, आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवून बघा, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो. मग मोजायच्या टेपने बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून भरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३ मीटरला जवळजवळ ९ मिलिसेकंद लागतात, आणि जवळच्या स्पीकरला रिसीव्हर अंतराच्या फरकाएवढं थांबवून ठेवतो म्हणजे सगळं एकदम कानाला येतं.

मग रिमोटवर टेस्ट किंवा टेस्ट टोनचं बटण, नसेल तर मेनूत चॅनल लेव्हल. स्पीकरांतून आळीपाळीने सूऽऽ असा, ओहळाला पाणी आल्यावर येतो तसा आवाज येतो, सहसा लेफ्ट, सेंटर, राइट, मग मागचा राइट, मागचा लेफ्ट, शेवटी सबवूफर. पंखे बंद, फ्रिज जवळ असेल तर तोही थोडा वेळ बंद, आणि पाऊस पडत असताना हे करूच नका, कौलांवरच्या पावसात मापच लागत नाही. तुम्ही नेहमी बसता तिथे बसा, मोबाइलवर साउंड मीटरचं अॅप घ्या, त्यात सी वेटिंग आणि स्लो हे पर्याय निवडा, मोबाइल कानाच्या उंचीवर धरा. लेफ्टवर मीटर ७५ डीबी दाखवेपर्यंत व्हॉल्यूम वाढवा, आणि मग व्हॉल्यूमला हात न लावता बाकी प्रत्येक चॅनलची लेव्हल अर्धा-एक डीबीने वरखाली करत तिथेच ७५ आणा. मोबाइलचं ७५ खरोखर ७५ असेलच असं नाही पण आपल्याला फरक मोजायचाय, त्याला चालतं.

एखादा चॅनल फारच कमी असेल तर त्यालाच वर ढकलत बसू नका, बाकीचे थोडे खाली घ्या. ३ डीबी वाढवलं की त्या स्पीकरला दुप्पट पॉवर द्यावी लागते, जुन्या अँप्लिफायरला ते जड जातं. एखाद्या स्पीकरचा आवाज पोकळ आणि बिनजागेचा वाटला तर मागची लाल-काळी वायर उलट लागली आहे का बघा. सबवूफरला मात्र मोबाइलवर विश्वास ठेवू नका, मोबाइलचा माइक खालचा बास नीट पकडत नाही आणि मीटर कमी दाखवतो, मग लोक सब वाढवतात आणि अख्खी खोली घुमते. सब कानानेच बसवा. मी ती आरतीच लावली. घुमटात डावा हात छोट्या तोंडावर उघडझाप करतो तेव्हा खर्ज दबतो आणि सुटतो, तो फरक वेगवेगळा ऐकू आला की सब बरोबर, सगळं एकच धूम-धूम झालं की जास्त.

ज्यांच्या रिसीव्हरसोबत छोटा माइक आलाय, ऑडिसी, वायपीएओ, एमसीएसीसी अशा नावांचं, स्वतःच मोजून लेव्हल बसवणारं जे असतं, त्यांनी ते आधी चालवा, पण नंतर मेनूत जाऊन अंतरं आणि लेव्हली एकदा स्वतः बघा. आमच्यासारख्या जुन्या घरात, चिऱ्यांच्या भिंती आणि खाली लाद्या, आवाज इतका फिरतो की मोजमाप बरोबर असूनही संवाद कळत नाहीत. मग मी पुढे सतरंजी घातली आणि सेंटर २ डीबी वर घेतला, त्यानंतर काकीला पहिल्यांदा टीव्हीवरचं बोलणं न विचारता कळलं.

शेवटचं काम, सगळे आकडे कागदावर लिहून रिसीव्हरच्या खाली ठेवा. जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की आपण प्लग काढून ठेवतो, आणि जुन्या रिसीव्हरची मेमरी विजेशिवाय थोडेच दिवस टिकते, मग सगळं परत शून्यावर. आमचा कागद असा आहे: लेफ्ट ०, सेंटर +२, राइट -१, मागचे दोन्ही +३, सब -४.