पावसाच्या तोंडावर कोवळे कोंबडे एकत्र कसे सांभाळावेत

परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत कोकणात एक अडचण बहुतेक दर वर्षी उभी राहते आणि तिचे मूळ ऋतुमानात आहे. खुडूक कोंबडीखाली आपण अंडी ठेवतो ती बहुधा थंडीत, कारण त्या दिवसांत पिल्ले चांगली जगतात. जानेवारीत बाहेर पडलेल्या पिल्लांतले नर मेअखेरीस साडेचार-पाच महिन्यांचे होऊन वयात येतात. नेमक्या त्याच सुमारास मृगाचा पाऊस सुरू होतो. मग दिवसभर वाडीत पांगणारे पाच-सहा माजावर आलेले नर एका खुराड्यात, एकमेकांच्या तोंडासमोर कोंडले जातात. त्यामुळे भांडणे सुरू झाल्यावर धावपळ करण्याऐवजी एप्रिलमध्येच तयारीला लागावे.

पहिले काम नर ओळखण्याचे. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नराचा तुरा मादीच्या तुऱ्याहून मोठा आणि लालसर दिसू लागतो, पाय जाड वाटतात आणि उभे राहण्याची ढब बदलते. गावठी पिल्लांत हे थोडे उशिरा कळते. तुऱ्यावरून खात्री होत नसेल, तर तीन महिन्यांच्या सुमारास पाठीवर शेपटीच्या अलीकडची पिसे पाहावीत. नराची ही पिसे लांब, अरुंद आणि टोकदार असतात, तर तलंगेची, म्हणजे कोवळ्या मादीची, रुंद आणि टोकाला गोल असतात. आरवण्याची वाट पाहत बसू नये, कारण दबून राहिलेला नर महिनोन्महिने आरवत नाही आणि तो मादी आहे असे समजून आपण फसतो.

त्यानंतर हिशेब मांडावा. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. घरी सात कोंबड्या आणि पाच नर असतील, तर चार नर जास्तीचे आहेत हे मान्य करून त्यांचे काय करायचे ते आधीच ठरवावे. नर जास्त झाले की त्याचे पहिले चटके नरांना नव्हे, कोंबड्यांना बसतात: त्यांच्या पाठीवरची आणि मानेमागची पिसे झडतात, उघड्या कातडीवर नख्यांचे ओरखडे उठतात आणि त्या खुराड्याबाहेर यायलाही बिचकतात. आपल्याकडे आषाढ आहे, राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, दिला जाणारा मान आहे, काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्यही असतो, त्यामुळे जास्तीच्या नरांना वाट मिळते. तरीही तोवरचे दोन-तीन महिने ते सांभाळावेच लागतात आणि ज्यांना कापायचे नसतात त्यांना तर कायमचे.

ठेवायचा नर निवडताना केवळ रुबाबावर जाऊ नये. दाणे टाकल्यावर कोण स्वतः न खाता ‘कुक-कुक’ करून कोंबड्यांना बोलावतो, घारीची सावली पडताच कोण आवाज देतो आणि माणूस जवळ गेला असता कोण बाजूला सरकतो, हे आठवडाभर पाहावे. माणसाच्या, विशेषतः पोरांच्या, पायांवर पंख खाली पाडून तिरका चालून येणारा नर कितीही देखणा असला तरी निवडू नये.

आता मुख्य उपाय. निवडलेला एक नर कोंबड्यांसोबत ठेवावा आणि उरलेल्या सर्वांचा स्वतंत्र कळप करावा. आसपास मादी नसेल, तर एकत्र वाढलेले नर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात, हे प्रथमदर्शनी पटत नाही. पण भांडणाचे मोठे कारण मादी असते आणि ते कारण नजरेआड झाले की ताण उतरतो. नजरेआड हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दोन कळपांमध्ये नुसती जाळी असेल, तर नर दिवसभर जाळीला चिकटून फेऱ्या मारतात आणि तो राग एकमेकांवर काढतात. मध्ये माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधावेत. शक्य असेल तर एक कळप मांगराच्या (वाडीतल्या खोपीच्या) पुढे आणि दुसरा मागे ठेवावा. ही विभागणी नर वयात येण्यापूर्वी, सर्वांना एकदम आणि रात्री करावी, कारण अंधारात कोंबडा निमूट राहतो. असील या झुंजार जातीच्या किंवा असीलाशी संकर झालेल्या नरांना मात्र हा नियम लागू नाही. ते वाढले की प्रत्येकाला वेगळेच ठेवावे लागते. (कोंबड्यांची झुंज लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.)

नरांच्या खुराड्यात प्रत्येकी किमान चार चौरस फूट जागा धरावी. पावसात ते बाहेर जाणार नाहीत, म्हणून त्याला लागून पत्र्याखाली शक्य तेवढा मोकळा आडोसा द्यावा. क्षेत्रफळाइतकीच रचनाही महत्त्वाची आहे. हरलेल्या कोंबड्याला पळून नजरेबाहेर जाता आले, की भांडण तिथेच संपते. तो कोपऱ्यात अडकला, तर संपत नाही. म्हणून एक फळी उभी टेकवून ठेवावी, एखादी जुनी टोपली पालथी घालावी, बसण्यासाठी पोफळीच्या रिपा दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी बांधाव्यात आणि दाण्या-पाण्याची भांडी परस्परांपासून दूर, निदान दोन जागी मांडावीत. जाळी अर्ध्या इंचाची असावी आणि पावसापूर्वी ती हाताने ओढून पाहावी, कारण खाऱ्या वाऱ्याने गंजलेली तार मुंगसाला अडवत नाही.

जमिनीवर भाताचे तूस तीन-चार इंच पसरून दर दोन दिवसांनी खालीवर करावे. ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते. उकिडवे बसून नाक तुसाजवळ न्यावे. डोळे चुरचुरले, तर तूस बदलण्याची वेळ झाली आहे. खाद्याबाबत एकच चूक टाळावी: अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य वाढत्या नरांना घालू नये, कारण त्यातल्या जादा कॅल्शियममुळे त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून फक्त कोंबड्यांच्या बाजूला वेगळ्या वाटीत ठेवाव्यात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली असेल, तर ती कोंडण्यापूर्वीच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्यावी.

इतके करूनही भांडणे होतील आणि त्यांतली बहुतेक होऊ द्यावीत. दोन नर समोरासमोर येतात, माना खाली घालतात, मानेची पिसे छत्रीसारखी उघडतात. क्षणभर स्तब्धता असते, मग दोघे एकदम उडून छातीवर छाती आपटतात. दोन-तीन झेपा होतात आणि एक जण मान वळवून जमिनीवर काहीच नसताना दाणे टिपू लागतो. त्याने हार मानली, असा याचा अर्थ. अशा वेळी मध्ये पडले, तर निकाल लांबतो आणि तेच भांडण दुसऱ्या दिवशी नव्याने होते. हरलेला पळत असूनही पाठलाग थांबत नसेल, दोघे-तिघे मिळून एकाला धरत असतील किंवा रक्त दिसले, तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये. लाल रंगावर सगळा कळप चोच मारतो. जखम स्वच्छ धुऊन खोबरेल तेलात कालवलेली हळद लावावी, म्हणजे लाली झाकते. जखम खोल असेल, तर पशुवैद्याला दाखवावे.

जखमी नराला दूर नेऊन ठेवण्यात एक धोका आहे, तो मी स्वतः ओढवून घेतला आहे. तुरा फाटलेल्या एका तांबड्या कोंबड्याला आम्ही आठवडाभर पडवीत टोपलीखाली ठेवले, भात आणि कणी घालून चांगला टवटवीत केला आणि एका सकाळी पुन्हा आत सोडला. बाकीच्यांच्या लेखी तो आता परका होता. पाच मिनिटांत तुरा पुन्हा फाटला, शिवाय एका डोळ्याची पापणी गेली. तेव्हापासून जखमी नराला त्याच खुराड्यात जाळीचा आडपडदा करून ठेवतो, म्हणजे तो इतरांना दिसत राहतो. परत मिसळताना अंधार पडल्यावर त्याला रिपेवर बसवतो आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून, मूठभर दाणे चार ठिकाणी विखरून, अर्धा तास तिथेच थांबतो.

पायामागचा काटा वाढून अणकुचीदार झाला असेल, तर नखे घासण्याच्या कानशीने फक्त त्याचे टोक बोथट करावे; आत रक्तवाहिनी असते, म्हणून मुळाशी जाऊ नये.

भातकापणी झाली, की नरांचा कळप मोकळ्या झालेल्या कुणग्यात, म्हणजे भातशेताच्या तुकड्यात, सोडता येतो. मात्र त्या वेळी कोंबड्या दुसऱ्या अंगाला, घराच्या मागीलदारी असाव्यात, आणि संध्याकाळी नरांना आधी आत घेऊन मगच कोंबड्यांकडे वळावे.