रिसेप्टरचा टॅग दिसत नाही? या चुका टाळा

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं, बाहेरचे संदेश पकडणारं प्रथिन; ते ओळखता यावं म्हणून त्याला जोडलेला तुकडा म्हणजे टॅग. तो कुठे लावायचा, हे प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवण्याआधी ठरवा. बहुतेक गोंधळ इथेच होतो आणि दोष मात्र टॅग ओळखणाऱ्या अँटिबॉडीला दिला जातो.

आमच्या मुंबईतल्या लॅबमध्ये एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने जीएलपी-१ या संप्रेरकाच्या रिसेप्टरला फ्लॅग नावाचा टॅग लावला, थेट एटीजीच्या (प्रथिन जिथून सुरू होतं त्या कोडॉनच्या) पाठोपाठ. एचईके२९३ या मानवी पेशींत ट्रान्सफेक्शन झालं, म्हणजे प्लाझ्मिड (जनुक वाहणारं वर्तुळाकार डीएनए) आत घातलं. जीएलपी-१ घातलं की सायक्लिक एएमपी (रिसेप्टर चालू झाल्याची पेशीतली खूण) छान वाढायचं, पण ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) फ्लॅगचा बँडच नाही. तिने नवी अँटिबॉडी मागवली. जुलै महिना, रुळांवर पाणी, पार्सल अडकलेलं. शेवटी ती आली, तरी ब्लॉट कोराच. उत्तर पहिल्या दिवसापासून प्लाझ्मिडच्या नकाशात होतं. या रिसेप्टरची पहिली २३ अमिनो आम्लं म्हणजे सिग्नल पेप्टाइड, प्रथिनाला योग्य वाटेवर नेणारा पत्ता. प्रथिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीतल्या प्रथिन-कारखान्यात) शिरताना पेशी ते कापून टाकते, आणि त्याच्या पुढे लावलेला टॅगही त्याच्याबरोबर जातो. रिसेप्टर शाबूत, टॅग गायब.

म्हणून टॅग सिग्नल पेप्टाइडच्या नंतर घाला. मी आधी इन्फ्लुएन्झा विषाणूच्या हीमॅग्लुटिनिन (एचए) प्रथिनाचं सिग्नल पेप्टाइड, मग फ्लॅग, मग सिग्नल पेप्टाइड वगळून उरलेला रिसेप्टर, असंच बांधते. बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिकसारख्या, स्वतःचं सिग्नल पेप्टाइड नसलेल्या रिसेप्टरलाही पृष्ठभागावर पोचायला याची मदत होते. हे सिग्नल आणि एचए टॅग एकच समजू नका. दोन्ही एकाच प्रथिनातले, पण सिग्नल कापलं जातं, टॅग राहतो.

टॅग मागच्या टोकाला असेल तर रिसेप्टरचा स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवणारी खूण) काढा, नाहीतर पुढचं जीएफपी (टॅग म्हणून जोडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन) बनतच नाही. आणि ते टोक मोकळं आहे ना, तेही बघा. बीटा-२ची शेवटची चार अमिनो आम्लं पेशीतल्या पीडीझेड प्रथिनांना (रिसेप्टरला परत पाठवायला मदत करणाऱ्या) धरतात. त्यांच्यापुढे जीएफपी जोडलं, की आत गेलेल्या रिसेप्टरची पृष्ठभागावर परतण्याची वाट बिघडते.

दुसरी चूक अधीरपणाची: टॅगची चमक कमी दिसली की प्लाझ्मिड वाढवायचं. सीएमव्ही प्रमोटर (प्लाझ्मिडवरचं जनुक चालू करणारा भाग) मुळातच जोरकस. जास्त डीएनए घातलं की रिसेप्टर एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच साचतो. चकाकणारी पेशी बघून लोक खूश होतात, आणि पृष्ठभागावर फारसं काही नसतं. मी सहा वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला १०० नॅनोग्रॅमपासून सुरुवात करते आणि उरलेलं डीएनए रिकाम्या व्हेक्टरने (रिसेप्टर नसलेल्या प्लाझ्मिडने) भरते. मग पेशीच्या पटलाला भोकं पाडणारं डिटर्जंट न लावता जिवंत पेशींवर फ्लॅग रंगवते, म्हणजे जे दिसेल ते बाहेरचंच.

ब्लॉटचा नमुना ९५ अंशांवर उकळू नका. सात वेळा पटल ओलांडणारी ही प्रथिनं गोळा होऊन जेलच्या वेलमध्येच अडकतात. ३७ अंशांवर अर्धा तास पुरतो.

डीएच५अल्फा जिवाणूंमधून काढलेल्या प्लाझ्मिडवर एक्सबीए-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम चालत नसेल, तर एन्झाइम बदलण्याआधी डॅम मिथिलेशन (जिवाणूने डीएनएवर लावलेले, कापण्याची जागा अडवू शकणारे मिथाइल गट) तपासा.

पीसीआरने केलेला इन्सर्ट (प्लाझ्मिडमध्ये घातलेला तुकडा) पूर्ण सिक्वेन्स करा. सँगरचं एक रीडिंग साधारण ७०० ते ९०० बेसचं, आणि जीएलपी-१ रिसेप्टरचा कोडिंग भाग १,३९२ बेसचा. एका टोकाचं रीडिंग घेऊन 'क्लोन बरोबर आहे' म्हणणाऱ्यांचं प्लाझ्मिड मी वापरत नाही.