विहीणबाईंकडून शिकलेले मोकॅसिन

माझी सून नॉर्दर्न अरापाहो, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीची. तिचं माहेर वायोमिंगमधल्या विंड रिव्हर रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळनिवासींसाठी राखलेल्या प्रदेशात. नातू होणार म्हटल्यावर विहीणबाईंनी मला शेजारी बसवून मोकॅसिन, म्हणजे त्यांच्याकडचे कातड्याचे जोडे, शिवायला शिकवले; त्या शिकल्या त्यांच्या आजीकडून.

जोडा दोन तुकड्यांचा. तळ कच्च्या, न कमावलेल्या कडक कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या मऊ कमावलेल्या कातड्याचा. पाय कागदावर ठेवून कड आखा. डावा-उजवा तळ वेगवेगळा कापा. वरचा तुकडा थोडा सैल ठेवा.

मणीकाम आधी, कातडं सपाट असतानाच. जोडा शिवून झाला की आत हात पुरत नाही. सव्वा सेंटिमीटर अंतरावर दोन समांतर रेघा आखा. वरच्या रेघेवर सुई काढा, आठ मणी ओवा, खालच्या रेघेवर टाका घाला. सुई कातड्याच्या आरपार नको, वरच्या पापुद्र्यातूनच आडवी न्यायची आणि मणीभर अंतरावर बाहेर काढायची. आता आठ मणी वरच्या दिशेने. ओळी किंचित फुगीर दिसतात, तशाच हव्यात. पहिल्या पट्टीत मी दोरा ओढून ओढून शिवला आणि कातड्याला चुण्या पडल्या. विहीणबाईंनी न बोलता कात्री पुढे सरकवली. सोळा ओळी उसवल्या. चपटे, जाडे मणी आधीच निवडून बाजूला काढा, तांदळातले खडे काढतो तसे.

नक्षी मात्र मी इथे देत नाही. ती त्यांच्या घरची आहे. आल्फ्रेड क्रोबर हे मानवशास्त्रज्ञ १८९९ पासून अरापाहो लोकांमध्ये काम करत होते. एकाच आकाराचा अर्थ दोन बायका वेगवेगळा सांगतात, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे चित्र उचललं तरी अर्थ हाती लागत नाही. तुम्ही शिकाल तेव्हा साध्या पट्ट्या घाला.

आता तळ. ओल्या फडक्यात गुंडाळून नरम करा. जोडा उलटा शिवायचा, मणी आतल्या बाजूला. आरीने तळाच्या कडेतून तिरकं भोक पाडा, खालून आरपार नको, नाहीतर दोरा जमिनीवर घासून तुटतो. चवड्याच्या टोकापासून सुरू करा, एक बाजू टाचेपर्यंत, मग दुसरी. उरलेलं कातडं टाचेशी कापून तिथली शिवण घाला. मग जीभ जोडा.

तळ पुन्हा ओलावून जोडा उलटवा. इथे घाई नको. बोथट लाकडी काठीने चवडा हळूहळू बाहेर ढकला. ओलसर असतानाच पायात घालून थोडा वेळ ठेवा, तळ पायाचा आकार धरतो. नातवाला आम्ही तो झोपेत असताना घातले, दोघींनी एकेक पाय धरून.