मागचा भाग, पुढचा भाग आणि तिसरं प्रकरण

लेकीच्या स्वेटरच्या मागच्या भागाला ७२ टाके. एक ओळ विणायला मला चार मिनिटं लागतात. ३८ सेंटिमीटर उंचीच्या १०६ ओळी होतात, म्हणजे सात तास. पुढचा भाग तेवढाच. दोन बाह्या, गळपट्टी आणि जोडाजोड यांचे आणखी दहा तास धरले की झाले २४. एका बैठकीला अर्धा तास मिळाला तर ४८ बैठका, आणि माझ्या आठवड्यात अशा चारच बैठका बसतात. म्हणजे बारा आठवडे. गणपतीचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा यांत एकही ओळ होत नाही, ते वेगळं. म्हणून डिसेंबरच्या सकाळी शाळेत घालून जायचा स्वेटर मी राखीपौर्णिमेच्या सुमारास सुईवर घेते.

शिकत असताना विणायचं असेल तर लोकर आणण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. त्यासाठी आधी हातभर नव्हे, वीतभर नमुना विणून मोजा. माझ्या हाताला नऊ नंबरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी येतात. छाती ६० सेंटिमीटर, सैलपणाचे ६, त्याचे निम्मे ३३, म्हणून ७२ टाके. नमुन्याला अर्धा तास जातो, पण तो वाचवायला गेलं की पुढचे दहा तास उसवण्यात जातात.

मी इतिहासात पीएच.डी. करते. माझे कागद मोडीतले आहेत, अठराव्या शतकातले कापडखरेदीचे हिशेब. आठवड्यातून दोन दिवस पुणे पुराभिलेखागारात जाते (आमच्यात अजून सगळे पेशवे दफ्तरच म्हणतात), बाकीचे दिवस कोथरूडच्या घरी लिहिते. घरात सहा वर्षांची लेक, नवरा आणि सासूबाई. सलग तीन तास मला फक्त पहाटे मिळतात, आणि ते प्रबंधाचे. त्यात विणकाम येऊ द्यायचं नाही, हे मी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं. विणकामाला मिळतात ते तुकडे: लेकीच्या नाचाच्या क्लासबाहेरची पाऊण तासाची वाट, बसमध्ये जागा मिळाली तर तेवढा वेळ, रात्रीचं मागचं आवरल्यावरचा अर्धा तास.

आता मुख्य गोष्ट. या तुकड्यांसाठी वीण निवडताना ती दिसते कशी हे नंतर बघा, ती कुठेही खाली ठेवता येते का हे आधी बघा.

हे मला उशिरा समजलं. ज्या वर्षी संशोधनाचा आराखडा द्यायचा होता, त्याच वर्षी नवऱ्यासाठी वेणीच्या विणीचा स्वेटर विणायला घेतला. दर सहाव्या ओळीला तीन टाके वेगळ्या सुईवर घेऊन पुढून ओलांडायचे. एरवी अवघड नाही. पण तिसऱ्या ओळीत कुकरची शिट्टी, चौथीत शाळेतून फोन, आणि परत आल्यावर आपण कितव्या ओळीत होतो ते आठवायचं नाही. एका रात्री वेणी दोनदा चुकीच्या बाजूला वळलेली दिसली आणि मी १४ सेंटिमीटर उसवलं. त्या आठवड्यात आराखड्याचं एक पानही झालं नाही, कारण उसवलेलं भरून काढायचा हट्ट पहाटेच्या वेळात शिरला होता. खूप वाईट वाटलं. तो स्वेटर मी पिशवीत घालून माळ्यावर ठेवला आणि पुढच्या मे महिन्यात, सुट्टीत, नीट बसून पुरा केला.

तेव्हापासून माझ्याकडे एका वेळी दोनच कामं असतात. पिशवीतलं काम म्हणजे दोन्ही बाजूंनी सुलट विणायचं काहीतरी: मफलर, बाळाची दुलई. ही वीण कडेला वळत नाही, दोन्हीकडून सारखी दिसते आणि टाक्याच्या मध्यावर सोडली तरी बिघडत नाही. हे काम वायरने जोडलेल्या सुईवर घ्या. बसमध्ये शेजारणीला कोपर लागत नाही आणि सुई निसटून सीटखाली जात नाही. घरातलं काम म्हणजे स्वेटर, एक ओळ सुलट, एक उलट. जाळी, वेण्या, दोन रंगांची नक्षी हे सगळं सुट्टीसाठी.

घरातल्या कामाबरोबर एक चिठ्ठी ठेवा. उठताना त्यावर दोन गोष्टी लिहायच्या: किती ओळी झाल्या, आणि पुढच्या ओळीत काय करायचं. ‘४२ झाल्या. पुढे सुलट. ४८ला काख.’ एवढंच. दर दहा सेंटिमीटरला दाभणात वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आडवा घाला. उसवायची वेळ आली तर त्या दोऱ्यापाशी वीण थांबते, टाके गळत नाहीत. हीच सवय मी प्रबंधाला लावली. पहाटेचं लिहिणं थांबवून उठताना पानाच्या तळाशी पुढच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य लिहून ठेवते, आणि रोजचा मजकूर वेगळ्या तारखेने जतन करते.

घरातल्या कामात मात्र अर्ध्या ओळीत शक्यतो उठू नका. मोडी वाचतानाही असंच आहे. मोडीत लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढतो, मग तिला अक्षरं टांगतो, शब्दांमध्ये जागा सोडत नाही. वाचताना मध्येच नजर हलली की शब्द कुठे तुटतो ते पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. लेकीला मी म्हणते, “एवढी ओळ होऊ दे गं.” चार मिनिटं ती थांबते. “हे पान होऊ दे” म्हटलं तर थांबत नाही, आणि तिचंही बरोबर आहे.

विणताना अभ्यास होतो का, असं मैत्रिणी विचारतात. वाचन होत नाही, मोडी तर नाहीच. दफ्तरात मी विणकामाची पिशवी नेतही नाही, लोकरीचे तंतू जुन्या कागदांजवळ नकोत. पण ऐकणं होतं. लिहिलेलं प्रकरण मी मोबाइलवर मोठ्याने वाचून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी क्लासबाहेर मफलर विणताना ऐकते. वाक्य खटकलं की मिनिट लिहून ठेवते. तिसऱ्या प्रकरणातली एकच गोष्ट दोनदा सांगितलेली आहे, हे मला तिथल्या पायरीवर बसून कळलं.

लोकर एकदम आणा. लेकीच्या स्वेटरला २५० ग्रॅम लागते, मी ३०० घेते. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा, म्हणजे एकाच खेपेला रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो, तो लोकरीच्या सगळ्या गुंड्यांवर एकच हवा. मी एकदा पाचवी गुंडी महिन्याने आणली आणि उन्हात बाहीवर रेघ उमटलेली दिसली. वेगळा लॉट वापरावाच लागला तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं आलटूनपालटून विणा. रोजच्या कपड्यांना ॲक्रिलिक घ्या, मशीनमध्ये धुता येतं. त्यावर इस्त्री फिरवू नका, वीण कायमची लोळते.

आणि मदत मागा. मी दोन वर्षं मागितली नाही, कारण अभ्यासासाठी आधीच सगळे इतकं करतात असं वाटायचं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “अगं, बाह्या मला दे, हात नुसते बसलेत.” त्यांचा हात माझ्यापेक्षा घट्ट, म्हणून त्या आठ नंबरची सुई घेतात. आपल्याकडे नंबर लहान तशी सुई जाड: नऊ म्हणजे पावणेचार मिलिमीटर, आठ म्हणजे चार. मग त्यांचेही २२ टाके येतात. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या असाव्यात, एक तुम्ही आणि एक दुसऱ्याने असं करू नका.

त्या बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात. खांदे जोडून झाले की काखेच्या कडेचे टाके उचलायचे आणि खाली येत येत कमी करायचे. मूल वाढलं की मनगटाची पट्टी उसवून तिथूनच पुढे विणता येतं. त्यासाठी उरलेली गुंडी लेबलासकट ठेवून द्यायची. गेल्या सालच्या निळ्या स्वेटरच्या बाह्या त्यांनी यंदा चार सेंटिमीटर वाढवल्या, दोन दुपारी. मी आतल्या खोलीत तळटिपा तपासत होते.