वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी आणि प्रथिनं: या चुका टाळा

बेरिएट्रिक सर्जरीनंतरच्या पहिल्या महिन्यात पेशंटला पुन्हा हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली की ऑपरेशनमध्येच काहीतरी गडबड झाली असणार, अशी धास्ती घरच्यांना बसते. पुष्कळदा कारण वेगळंच निघतं: अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. जखम भरत आलेली असते, पण उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडाला कोरड पडते, लघवी गडद पिवळी आणि थोडी होते. मग मळमळायला लागतं. मळमळतंय म्हणून पिणं आणखी कमी होतं आणि पिणं कमी झालं की मळमळ आणखी वाढते.

हे बहुतेक वेळा टाळता येतं. पण त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: या काळात भूक आणि तहान यांच्या भरवशावर राहायचं नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (हृदयाची बायपास नव्हे) जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न जातं तो हा कप्पा जेमतेम ३० मिलीचा असतो. त्यामुळे ‘पोट भरलं’ हा निरोप दोन घोटांतच येतो आणि ‘काहीतरी हवंय’ हा निरोप दिवसभर येतच नाही.

बहुतेक आहारतज्ज्ञ दिवसाला किमान १.५ लिटर द्रव आणि ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर तुमच्यासाठी हे आकडे वेगळे असू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला आकडाच धरा.

‘तहान लागली की पिऊ’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दुपारपर्यंत पाव लिटरही पोटात गेलेलं नसतं, आणि मग संध्याकाळी उरलेलं भरून काढायचा प्रयत्न होतो. ते शक्यच नसतं. लहान झालेल्या पोटात एका दमात ग्लासभर पाणी ओतलं की छातीत दुखतं, उलटी होते, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची भीतीच बसते.

औषधाच्या बाटलीबरोबर ३० मिलीचा छोटा मापाचा कप मिळतो, तो घ्या. दर पंधरा मिनिटांनी एक कप, तोही एका घोटात नाही, तीन-चार छोट्या घोटांत. तासाला १२० मिली होतात. तेरा तास असं चाललं की दीड लिटरच्या वर जातं. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावायला अनेकांना कंटाळा येतो, पण पहिले दोन आठवडे तो लावाच असं मी आग्रहाने सांगेन. घरात कोणी सोबत असेल तर त्यांनी ‘पाणी प्यायलास का?’ असं विचारण्यापेक्षा कप भरून हातात द्यावा. अशक्त माणसाला प्रश्नाचं उत्तर देण्याचाही शीण येतो.

सकाळी दीड लिटरची बाटली भरून समोर ठेवा आणि प्रत्येक कप तिच्यातूनच घ्या. प्रोटीन पावडरचा शेक किंवा सूप प्यालात तर तेवढं पाणी बाटलीतून कमी करा. दुपारी दोनला ती निम्म्यावर आलेली नसेल तर दिवस मागे पडलाय हे डोळ्यांना दिसतं.

साधं पाणी नकोसं वाटणंही सर्रास होतं. जड लागतं, तोंडात धातूसारखी चव येते. अशा वेळी बर्फाचे तुकडे चघळणं, कोमट पाणी, लिंबाचे दोन थेंब घातलेलं पाणी, बिनसाखरेचं पातळ सरबत, गाळलेलं नितळ सूप, काहीही चालेल. द्रवाचा हिशोब करताना हे सगळं धरायचं. फसफसणारी पेयं मात्र नकोत, पोटात गॅस धरून दुखतं. दारू या काळात पूर्ण वर्ज्य.

पाणी आधी की प्रथिनं आधी?

पहिल्या आठवड्यात दोन्ही जमत नसेल तर पाणी आधी. प्रथिनं चार दिवस कमी पडली तर पुढे भरून काढता येतात. पाणी दोन दिवस कमी पडलं तर सलाईन लावावी लागते. पुष्कळ लोक उलटं करतात. शेक संपवायचाच या हट्टापायी तासन्‌तास तोच ग्लास धरून बसतात आणि पाण्याला जागा राहत नाही. खरं तर पाण्यासारखा पातळ शेक द्रवातही मोजला जातो, म्हणजे तो पातळ केला की दोन्ही कामं होतात.

प्रोटीन पावडरचे घोटाळे

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चुका इथेच जास्त होतात.

पहिला घोटाळा मापाचा. डब्यातला चमचा ३० ग्रॅमचा असला म्हणजे त्यात ३० ग्रॅम प्रथिनं असतात असं नाही. लेबल वाचा: बहुतेक पावडरींत एका चमच्याला २० ते २५ ग्रॅम निघतात. वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘मास गेनर’ पावडरीत तर निम्म्याहून जास्त भाग साखर-स्टार्चचा असू शकतो. ती चुकूनही घेऊ नका. एका वेळच्या मापात साखर ५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. बायपास झालेल्यांना जास्त साखरेने डम्पिंग होतं: प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब.

दुसरा घोटाळा कोलॅजेनचा. केस आणि त्वचेसाठी चांगलं म्हणून अनेकजण तेच रोजचं प्रथिन धरतात. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे ते एकटं पुरेसं नाही. मुख्य स्रोत व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रथिन), दूध, अंडं किंवा सोया असावा. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अगदी कमी असतं.

तिसरी चूक ऑपरेशनच्या आधीच होते: आवडत्या चवीचा मोठा डबा आणून ठेवतात. ऑपरेशननंतर तोंडाची चव बदलते, आणि तीच पावडर इतकी गोड लागते की वासानेच मळमळतं. आधी छोटी पाकिटं आणा. एक बिनचवीची पावडर घरात असू द्या. ती कोमट सूपमध्येही मिसळता येते. उकळत्या सूपमध्ये टाकली तर मात्र गुठळ्या होतात. आधी थोड्या गार पाण्यात कालवा आणि मग सूपमध्ये घाला.

शेक जोरात हलवून लगेच प्यायला की फेसाबरोबर हवाही पोटात जाते. दहा मिनिटं ठेवा, फेस बसू द्या.

‘सूप पितोय, म्हणजे प्रथिनं मिळतायत’

गाळलेल्या सूपमध्ये पाणी आणि मीठ मिळतं, प्रथिनं नगण्य. पातळ आहाराचा टप्पा संपून मऊ आहार सुरू झाला की एकदा तरी कागदावर बेरीज करा. एक अंडं ६ ग्रॅम. चक्क्यासारखं घट्ट, पाणी काढलेलं दही १०० ग्रॅम, म्हणजे साधारण ९. शिजवलेला मऊ मासा ५० ग्रॅम, म्हणजे ११. २०० मिली दुधात २० ग्रॅम स्किम मिल्क पावडर, मिळून १३. झाले ३९. वर एक चमचा प्रोटीन पावडर २२ ग्रॅमची, म्हणजे ६१. ही बेरीज केली नाही तर ‘चांगलं जेवतोय’ या समाधानात ३५ वरच दिवस संपतात. मासा-अंडं न खाणाऱ्यांना टोफू, पनीर, घट्ट शिजवलेल्या डाळी आहेत. पण शाकाहारात पावडर बहुधा जास्त काळ चालू ठेवावी लागते.

ताटात काहीही असलं तरी प्रथिनाचा घास आधी. दोन चमचे मऊ भात आधी गेला की माशाला जागा उरत नाही.

जेवताना पाणी

घन अन्न सुरू झालं की जेवताना पिऊ नका, आणि जेवल्यावर अर्धा तास थांबा. यात दिवसाचे तीनेक तास पिण्यातून जातात, म्हणून पाण्याचं वेळापत्रक पुन्हा आखावं लागतं. बरेच जण नियम पाळतात, पण गेलेले तास भरून काढत नाहीत, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा चक्कर यायला लागते. सकाळी उठल्या उठल्या आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात घोट वाढवा.

चक्कर येण्यामागे रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही असू शकतात. वजन उतरतं तसा त्यांचा आधीचाच डोस गरजेपेक्षा जास्त ठरू लागतो. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच. मनाने बंद करू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

‘उलट्या होतातच, चालायचंच’

घाईने खाल्लं, नीट चावलं नाही, एक घास जास्त झाला, की एखादी उलटी होते. घास वाटाण्याएवढा घ्या, वीस-तीस मिनिटं लावा. पण सावकाश खाऊनही रोज उलटी होत असेल, किंवा आधी जाणारं अन्न आता जात नसेल आणि हळूहळू पाणीही अडकायला लागलं असेल, तर जठर-आतड्याचा जोड किंवा जठरातला मार्ग अरुंद झालेला असू शकतो. त्यावर उपचार आहेत, वाट पाहण्यात मात्र धोका आहे.

चोवीस तास पाणी टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर हॉस्पिटल गाठा. विश्रांती घेतानाही नाडी १२० च्या वर राहणं, ताप, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी वेदना, धाप लागणं ही लक्षणं पाणी कमी झाल्याची समजून घरी बसू नका. आतल्या टाक्यांतून पोटात गळती झाली असेल तरीही अशीच सुरुवात होते.

उलट्या अनेक दिवस चालल्या असतील तर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, झपाट्याने संपतं. मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. मेंदूला होणारी ही इजा कायमची राहू शकते. दुसऱ्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया कोणती झाली, कधी झाली आणि उलट्या किती दिवस होतायत हे सोबतच्या माणसाने सलाईन लावण्याआधी सांगावं, कारण अशा पेशंटला ग्लुकोजची सलाईन सुरू करण्यापूर्वी थायमिन द्यावं लागतं.