आधी पावती, मग भांडण: पेट्रोल पंपावरची माझी पद्धत

मी इंदूरच्या सुदामानगरला राहते आणि भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलांना डबे देते. रोज सव्वीस डबे, दोन खेपा, आणि माझी 2019ची स्कूटर. पेट्रोल हा माझा तेला-मिठासारखाच खर्च, म्हणून तोही वहीत लिहिते: तारीख, किती रुपयांचं भरलं, मीटरवर किती किलोमीटर. तुम्हीही अशी वही ठेवा. मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल, पण माझी फ्रिजवर असते आणि कधी डिस्चार्ज होत नाही.

2025च्या ऑगस्टमध्ये मी काय चूक केली ते आधी सांगते. एक तारखेपासून कलेक्टरांचा हुकूम निघाला होता, हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही. पंपावर रोज जत्रा. एकाचं हेल्मेट पाच जण आळीपाळीने घालत होते. एका दूधवाल्याने तर कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरलं, तो व्हिडिओ सगळ्या इंदूरने पाहिला. त्या संध्याकाळी धो धो पाऊस पडून गेलेला, माझ्या पुढचा माणूस हेल्मेटवरून हुज्जत घालतोय, मागे हॉर्न. मी तीनशे रुपये रोख दिले आणि पावती न घेता निघाले.

केसरबाग रोडवर स्कूटरने दोन-तीन आचके दिले आणि बसली. मी काय केलं? सेल्फ मारत राहिले. दहा वेळा, पंधरा वेळा. हे करायचं नसतं. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर तुम्ही ते हाताने ओढून कार्बोरेटरमध्ये आणता, आणि नव्या गाडीत इंजेक्टरमध्ये. भरल्यानंतर किलोमीटर-दोन किलोमीटरमध्ये गाडी अडखळली तर बंद करा आणि ढकला. मेकॅनिकने कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, खाली डबा धरला आणि म्हणाला, "ताई, इसमें तो आधा पानी है।" मग त्याने तो डबा गटारात ओतला. माझा एकुलता एक पुरावा नालीतून वाहून गेला आणि मी त्याला धन्यवाद दिले!

पंपावर परत गेले तर मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मॅडम, पावसाचं पाणी तुमच्याच टाकीत गेलं असेल." पावती नाही, नमुना नाही, रोख पैसे. माझ्याकडे फक्त राग होता. सातशे रुपये खिशातून गेले, शिवाय तेरा मुलांनी त्या रात्री बाहेर पावभाजी खाल्ली.

सप्टेंबरात बऱ्हाणपूरच्या एका मुलाची मोटारसायकल अशीच बंद पडली. "काकू, काय करू?" म्हणून फोन आला तेव्हा मी त्याला पुढचं सगळं सांगितलं. त्याला पैसे परत मिळाले. तीच पद्धत लिहिते.

पेट्रोल भरताना शून्य बघायचं हे सगळ्यांना माहीत आहे, फसवणूक त्याच्या पुढे असते. तुम्ही पाचशे सांगता, मुलगा शंभरावर थांबतो आणि विचारतो, "कितने का बोला था?" तुम्ही पुन्हा पाचशे म्हणता, तो "बाकीचे चारशे" म्हणून सुरू करतो. मीटर शून्यावर आणलेलंच नसतं. ते शंभरावरून चारशेवर जाऊन थांबतं, म्हणजे चारशेचं पेट्रोल आणि पाचशे रुपये. त्यामुळे मध्ये थांबला की पुन्हा शून्य करायला लावा किंवा शेवटचा आकडा स्वतः वाचा. त्या वेळी पर्स शोधू नका, पैसे आधीच हातात ठेवा. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, वेळ-तारखेची नोंद राहते. फक्त मोबाइल नोझलपासून लांब उभं राहून काढा. आणि पावती मागा. "मशीन बंद आहे" म्हणाले तर हाताने लिहून मागा, त्यावर गाडीचा नंबर घालायला सांगा.

शंभरऐवजी एकशेदहाचं भरा, पहाटे भरा म्हणजे पेट्रोल घट्ट मिळतं, असले सल्ले घरोघरी फिरतात. यंत्र लीटर मोजतं, त्याला तुमच्या एकशेदहाशी देणंघेणं नाही. आणि टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. 2017 साली लखनौमध्ये पोलिसांच्या विशेष पथकाने, म्हणजे एसटीएफने, मशीनमध्ये बसवलेल्या, पेट्रोल कमी सोडणाऱ्या चिपा पकडल्या. चिप असेल तर एकशेदहातही मारणारच.

माप कमी वाटलं तर एकच खरा उपाय: पाच लीटरचं माप. प्रत्येक पंपावर नापतौल विभागाचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का मारलेलं भांडं ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. आधी भांड्यावरचा शिक्का आणि त्यावरचं साल बघा. भांडं सपाट जागी ठेवायला सांगा. कोरडं असेल तर एकदा पेट्रोलने ओलं करून रिकामं करू द्या, नाहीतर आतल्या भिंतीला चिकटलेलं पेट्रोल तुमच्या हिशोबात कमी दिसेल. मग पाच लीटर भरलं की मानेवरच्या खुणेशी डोळा समपातळीत आणून वाचा, उभ्याने वरून नाही. पाच लीटरमागे 25 मिलीलीटर इकडेतिकडे चालतं, त्यापेक्षा कमी भरलं तर त्या नोझलची विक्री थांबवायला लागते. तपासणीचं पेट्रोल परत त्यांच्या टाकीत जातं, तुम्हाला एक पैसा पडत नाही. पहिल्यांदा मागितलं तेव्हा मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याची किडनी मागितली. मॅनेजर आल्यावर भांडं निघालं. माप बरोबर होतं, मी "थँक्यू भिया" म्हणून निघाले. चुकीचा संशय घेतला तरी लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

पण भांडं मागण्याआधी वही बघा. माझी स्कूटर पूर्वी लीटरला सेहेचाळीस द्यायची, आता चव्वेचाळीस देते. मला आधी वाटलं पंपवाला मारतोय. तीन वेगवेगळ्या पंपांवर भरून बघितलं, आकडा तोच. मग लक्षात आलं, हे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलचं काम आहे. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या दुचाकींना तीन-चार टक्क्यांचा आणि तशाच चारचाकींना सहा-सात टक्क्यांचा फटका बसेल. माझे दोन किलोमीटर जवळपास त्यातच बसतात. साध्या पेट्रोलचा पर्याय ठेवा म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका गेली होती, ती 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली गेली. तेव्हा या फरकासाठी पंपावरच्या मुलाला बोलू नका. वर मध्य प्रदेशचा 29 टक्के व्हॅट, लीटरमागे अडीच रुपये आणि एक टक्का सेस, हेही तो ठरवत नाही. माझी जाऊ गुजरातमधल्या दाहोदला असते, तिथे लीटरमागे दहा रुपयांहून जास्त स्वस्त. दिवाळीत आली की हे आम्हाला ऐकवल्याशिवाय तिचा फराळ उतरत नाही.

इथेनॉलची दुसरी खोड जास्त महागात पडते. ते पाणी ओढून घेतं. पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत झिरपलं आणि जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. आणि हे दुचाकीवाल्यांचंच दुखणं नाही. 2025च्या जूनमध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या डिझेलमधल्या पाण्याने बंद पडल्या आणि तो पंप सील झाला. आपल्यासाठी कुणी रात्रीतून सील लावत नाही, म्हणून पुरावा आपणच जमवायचा.

बऱ्हाणपूरच्या मुलाला मी लोणच्याची धुऊन कोरडी केलेली काचेची बरणी घेऊन यायला सांगितलं होतं. मेकॅनिकने टाकीतलं त्यात काढलं. पाच मिनिटं तशीच ठेवली तर वर नारंगी पेट्रोल आणि खाली फिकट, गढूळसर थर, मध्ये स्पष्ट रेघ. त्याचा फोटो गाडीच्या नंबर प्लेटसकट काढा, व्हिडिओत पावतीही दाखवा. मेकॅनिककडून बिलावर "टाकीतून पाणी निघालं" असं लिहून घ्या, नुसतं "सर्व्हिसिंग" नको. बरणी घरात आणू नका, गॅसजवळ तर मुळीच नाही. मेकॅनिककडेच झाकण घट्ट लावून ठेवा.

मग पंपावर. तिथे आवाज चढवायचा नाही. फिल्टर पेपर मागू शकता, पण पाण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. पेट्रोलचा थेंब टाकला की दोनेक मिनिटांत उडून जातो आणि डाग उरला तर भेसळीचा संशय घ्यायचा, एवढंच त्याचं काम. त्यापेक्षा घनता बघायला मागा. रोज सकाळची घनता रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. तुमच्यासमोर हायड्रोमीटरने मोजून, 15 अंश तापमानाच्या हिशोबात बदलून त्या आकड्याशी ताडतात, आणि तीनपेक्षा जास्त फरक असेल तर गडबड आहे. मुलाने रजिस्टर मागताच मॅनेजरने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. बरणीचा फोटो बघितल्यावर टाकी साफ करायचा खर्च आणि पेट्रोलचे पैसे दोन्ही दिले.

दिले नसते तरी तक्रारवही होतीच, ती मागितली की द्यावी लागते. मापाची तक्रार नापतौल विभागाकडे, भेसळीची कलेक्टर कचेरीतल्या खाद्य विभागाकडे, आणि कुठे जायचं कळत नसेल तर 181 वर सीएम हेल्पलाइन. तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवा. गिऱ्हाईक म्हणून भरपाई हवी असेल तर 1915, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं, अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या होतो. आणि 2019च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार चालते. पंप बाहेरगावचा असला तरी गाडीभाडं घालवायची गरज नाही.

एक राहिलं. पंपावर जाताना पेन आपला न्या. त्या तक्रारवहीला दोरी बांधलेली होती, तिच्या टोकाला पेन नव्हता.